काडीमामांचं वाढतं डोकं

माझे थोरले मामा चष्मे बनवायचे. चष्म्याच्या काड्या बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि घरात काड्या करण्यातही नव्हता, म्हणून आम्ही भाचरं त्यांना काडीमामा म्हणायचो. दुकान एवढंसं. एक काउंटर, एक आरसा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि मागे फ्रेम गरम करून वाकवायचं छोटं यंत्र.

पन्नाशीच्या सुमारास त्यांचा स्वतःचाच चष्मा कानशिलांवर रुतायला लागला. त्यांनी काड्या बाहेर वाकवल्या. काही महिन्यांनी पुन्हा तेच. रुंद फ्रेम घेतली, तीही घट्ट झाली. मामी म्हणाली, दुकान बरं चालतंय, डोक्यात हवा गेली असेल. सगळे हसले, मामाही हसले. पण आतून त्यांना चैन पडेना. वय वाढलं की माणसाचे गाल सुटतात, हनुवटी लोंबते, पण कवटी काही रुंद होत नाही, एवढं त्यांना धंद्यातून पक्कं ठाऊक होतं. शिवाय डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं, आणि डावी नडगी ठणकायची.

डॉक्टरांनी एक्स-रे काढले. कवटीचं हाड जाड झालं होतं, त्यात कापसाचे बोळे भरल्यासारखे ठिपके दिसत होते, आणि नडगी बाहेरच्या बाजूला वाकत चालली होती. हाडांचा पॅजेटचा आजार, असं निदान झालं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं काही?

मामांना आई आठवली. माझी आजी, म्हणजे त्यांची आई, झुलत चालायची. तिचा एक पाय कमानीसारखा वाकलेला होता. पुढे ती ठार बहिरी झाली. सोयीचं तेवढंच ऐकते, असं म्हणून घरचे तिची थट्टा करायचे. तिला कोणी कधी दवाखान्यात नेलं नाही.

रक्ताची तपासणी झाली आणि जनुकांच्या डॉक्टरीणबाईंनी मामांना समोर बसवलं. मी सोबत होते, त्यांना ऐकू आलं नाही तर सांगायला. बाई वळून त्यांच्या चांगल्या कानाकडे बसल्या आणि सावकाश समजावू लागल्या. आपल्या प्रत्येक पेशीत रोज मोडतोड होते. निकामी झालेले तुकडे ओळखून, पकडून, ते कचऱ्याच्या पिशवीत पोचवणारं एक प्रोटीन असतं, पी-सिक्स्टीटू नावाचं. पेशी मग त्या पिशवीतला माल पचवते आणि त्यातलं कामाचं पुन्हा वापरते. ही सफाई नीट चालली तर माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. बिघडली तर कुठे हाडं, कुठे नसा, कुठे यकृत, जिथे जसं जमेल तसं दुखणं उभं राहतं. हे प्रोटीन पेशीत नुसतं साठत गेलं तरीही चांगलं नाही.

"तुमच्यात त्या प्रोटीनची पकड ढिली आहे," बाई म्हणाल्या. "तेच प्रोटीन हाड खाणाऱ्या पेशींना 'खा' आणि 'आता पुरे' हे निरोपही पोचवतं. तुमच्याकडे 'पुरे' नीट पोचत नाही. त्या खात सुटतात, आणि हाड बांधणाऱ्या पेशी घाईघाईने भर घालतात. म्हणून हाड मोठं होतं, पण कच्चं राहतं."

मामांनी एकच विचारलं, "म्हणजे माझ्या आईचा पाय दुखत होता?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

उपचार साधा निघाला. शिरेतून एक औषध दिलं. त्यानंतर एक-दोन दिवस अंग मोडून ताप आला, मग हळूहळू नडगीची ठणक थांबली. कान मात्र परत आला नाही. गेलेलं ऐकणं औषधाने येत नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. हा बिघाड प्रत्येक भावंडात असण्याची शक्यता निम्मी, असंही त्या बोलल्या होत्या, आणि मामांनी तेवढंच धरून ठेवलं.

माझ्या आईने लगेच तपासणीसाठी रक्त दिलं. अडून बसले ते धाकटे मामा. ते क्रेन चालवायचे. आजार निघाला तर क्रेनवरून उतरवतील, ही त्यांना धास्ती. लंगडत होते, पण बूट चावतो म्हणायचे. काडीमामा दर रविवारी त्यांच्याकडे जायचे, पोरांचे चष्मे ठाकठीक करायचे आणि तो विषयही न काढता चहा पिऊन परत यायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, सांगत का नाही त्यांना? ते म्हणाले, घाबरलेल्या माणसाला शहाणपण शिकवून काय उपयोग.

एका रविवारी मी सोबत होते. काडीमामांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि भावाला म्हणाले, "इथे हात लाव."

धाकट्या मामांनी लावला.

"औषध घेण्याआधी ही गरम लागायची. आजारी हाडात रक्त जास्त खेळतं म्हणे. आईची नडगी आठवते? तू तिचं शेंडेफळ. थंडीत तिच्या पायाला पाय चिकटवून झोपायचास. आम्हाला जवळ येऊ द्यायचा नाहीस."

"शेगडी म्हणायचो मी तिला," धाकटे मामा म्हणाले. मग त्यांचा हात आपोआप स्वतःच्या पायाकडे गेला आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ दवाखान्यात गेले. धाकट्या मामांना तोच आजार निघाला, पण कवटीपर्यंत पोचला नव्हता. औषध वेळेत मिळालं. क्रेनवरून त्यांना कोणी उतरवलं नाही, आणि कान आजही तिखट आहेत. माझी आई सुटली, म्हणून मीही.

काडीमामांच्या मुलीने मात्र सांगितलं, मला इतक्यात कळून घ्यायचं नाही. मला वाटलं, आता हे तिच्या मागे लागणार. पण ते म्हणाले, रक्त तिचं, ठरव म्हणावं सावकाश. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

दुसरा कानही मंदावला, तरी दुकान सुरूच आहे. ओठ वाचायला ते स्वतः शिकले. तोंड पुसत बोलणाऱ्या गिऱ्हाइकांवर त्यांचा खास राग. पुढे डॉक्टरीणबाईंनी संशोधनासाठी पुन्हा रक्त मागितलं, तेव्हा मामांनी बाही सरकवली आणि सुई जात असताना त्यांना म्हणाले, "तुमच्या चष्म्याची उजवी काडी सैल आहे. आधी तुमचं होऊ दे, मग बघतो."