दादाच्या गिटारला चढवलेल्या तारा

तारेचा ताण हा विषय मी अमरावतीच्या महाविद्यालयात नोकरीभर शिकवला. प्रयोगशाळेत सोनोमीटरच्या पेटीवर तार ताणायची, टोकाला वजने टांगायची आणि स्वर कसा चढत जातो हे विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यायचे. वाद्य मात्र कधी हातात धरले नव्हते. निवृत्तीनंतर गिटारच्या वर्गात नाव घातले, तेही थोरल्या भावासाठी.

दादा अकोल्याला राहायचा. रेल्वेतल्या नोकरीच्या सुरुवातीला त्याने गिटार घेतली आणि पुढे कायम वाजवली. कर्करोगाच्या औषधांनी बोटांची जाणीव गेली, तेव्हा त्याने तारा काढून टाकल्या आणि गिटार कपाटावर चढवली. डॉक्टरांनी उपचार थांबवल्यानंतर एके दिवशी त्याने ती मला खाली काढायला लावली.

"तारा लावून आन," तो म्हणाला. "आईच्या आवडीची ते धून तुले आता येते ना? याच्यावरच वाजव. एकदा ऐकली का झालं माह्यं."

अमरावतीत वाद्यांचे दुकान चालवणारा माझाच जुना विद्यार्थी निघाला. मला पाहताच तो उठून उभा राहिला.

"सर, तुमी? बसा ना. कोनती गिटार हाय, स्टीलची का नायलॉनची?"

वर्गातल्या साऱ्या गिटारांना पोलादी तारा होत्या. दुसरा प्रकार असतो, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. 'दोहोंत फरक काय?' एवढेच विचारायचे होते. ज्याच्या प्रयोगवहीवर मी लाल शाईने शेरे मारले होते, त्याला ते विचारणे मला जमले नाही.

"स्टीलची," मी म्हणालो.

त्याने काउंटरवर तीन पाकिटे मांडली. "हात नवा असन तं पातळ घ्या सर. बोटं सोलनार नाही."

"जाड तारेचा स्वर भरीव येतो." एवढ्यावर न थांबता मी तारेचे वस्तुमान आणि ताण यांचा संबंधही त्याला सांगितला.

तो हसला. "सर, तुमी अजून प्रॅक्टिकलच घेऊन राहिले. पन गिटार आनली असती तं पाहून देल्ल्या असत्या."

"तशी गरज नाही," असे म्हणून मी सर्वांत जाड तारांचे पाकीट उचलले.

घरी तारा चढवताना फरक दिसत होता. वर्गातल्या गिटारांवर तारांची खालची टोके छोट्या खुंट्यांनी दाबून बसवतात. इथे खुंट्या नव्हत्या. गिटारच्या पोटावर चिकटवलेल्या लाकडी पट्टीत नुसती आडवी छिद्रे होती. जुनी बनावट असेल, अशी मी समजूत करून घेतली. तारांच्या टोकाचे मणी छिद्रांत अडकले आणि मला ते पुरेसे वाटले. तिसऱ्या दिवशी तारा दाबायला जड जाऊ लागल्या. पट्टीची मागची कड लाकडापासून सुटू लागली होती; तिच्याखाली पोस्टकार्डाचा कोपरा शिरत होता. मी तो घालून पाहिला, बाहेर काढला आणि कोणाला काही विचारले नाही. जाड पोलादी तारेचा ताण नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट असतो. हे गणित मला कागदावर सहज करता आले असते.

दुसऱ्या दिवशी प्रवासासाठी तारा सैल केल्या आणि बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. वहिनींनी दादाला उशांना टेकवून बसवले होते. दाढी केलेली होती, अंगात धुतलेला सदरा होता. मी त्याच्यासमोर स्वर जुळवायला बसलो. पाच तारा जुळल्या. सहावी पिळत असताना लाकूड फाटल्यासारखा आवाज झाला आणि ती पट्टी पोटावरचा पापुद्रा घेऊन उखडली. तारांचा गुंता माझ्या मनगटावर आदळला.

दादाने हात पुढे केला. मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. लोंबणारी एक तार त्याने डोळ्यांजवळ नेली.

"हे तं स्टील हाय," तो म्हणाला. "याले नायलॉन लागते ना बे. इचारलं काहून नाही?"

मी लोंबणाऱ्या बाकीच्या तारा गोळा करू लागलो.

"दुकानात इचारलं असतं. मले फोन केला असता. मी का मेलो होतो?"

"मी वर्गातली दुसरी आणतो, दादा. उद्याच."

"दुसरीचं काय करू?" त्याने गिटार वहिनींकडे सरकवली. "ने वं हे. मले पाहू नको देऊ."

वहिनींनी ती आतल्या खोलीत नेली. दादा भिंतीकडे तोंड करून निजला. जेवताना तो माझ्याशी पावसापाण्याचे दोन शब्द बोलला, त्यात राग नव्हता. संध्याकाळच्या गाडीने मी गिटार घेऊन परतलो.

गिटार दुरुस्त होऊ शकते, हे मी त्याच आठवड्यात विचारून घेतले. कारागिराने पंधरा दिवस सांगितले. दादा दहाव्या दिवशी गेला.

तेरवी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी गेल्यावर त्यायनं मले ते धून म्हनायले लावली. मले कुठं येते? दोन ओळी म्हनल्या, तं राहू दे म्हने."

धून मला आता पूर्ण येते. वहिनींना ती ऐकायची आहे का, हे मी अद्याप विचारलेले नाही.