निळ्या पाण्यात दिसलेलं

चंदीगडच्या इस्पितळात दुर्बिणीच्या तपासणीसाठी बसलो होतो. आमच्या घरात आतड्याचा कर्करोग रक्तातून उतरतो. मागच्या हिवाळ्यात दादा त्यातच गेला. शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीची एक पंजाबी बाई होती. तिचा एक हात पोटावर होता, अगदी हलका, आत कुणी झोपलेलं असावं आणि ते जागं होऊ नये असा.

"वीरजी, नींद की सुई मत लेना," भावाला सांगावं तसं ती एकदम म्हणाली. "जागके देखना, जब नीला पानी डालेंगे. सफेद रोशनी में तो मेरी बहन भी ठीक थी."

हे ती हसून म्हणाली.

मी भूल घेतली नाही. पडद्यावर माझं आतडं दिसत होतं, गुलाबी, ओलं. "साफ है," डॉक्टर म्हणाले. दादालाही असंच सांगितलं होतं. मग त्यांनी निळा रंग फवारला, आणि त्या निळ्यातून एक चपटा, फिकट डाग हळूहळू वर आला. तो आत्ता उगवला नव्हता. इतका वेळ आमच्याकडे बघत तिथेच पडून होता. डॉक्टरांनी तो कापून काढला.

बाहेर आलो तेव्हा तिनं माझा चेहरा निरखला.

"दिखा?"

"हां जी. निकाल भी दिया."

"चलो, एक तो बचा," ती म्हणाली, आणि तिला हाक आली तशी आत गेली.

मी घरी न जाता तिथेच बसून राहिलो. तिच्यासाठी बाहेर थांबलेलं दुसरं कुणीच नव्हतं.