चाळीस नंबरचं तेल

रविवारी सकाळी मी गाडीचं बॉनेट उघडलं की समोरच्या घरातले आजोबा कट्ट्यावरनं हमखास विचारतात, "काय बाई, आज काय बिघडलं?" काही बिघडलेलं नसतं. बिघडू नये म्हणून उघडते, हे त्यांना इतक्यांदा सांगून झालंय की आता मी नुसती मान हलवते. मी मराठी शाळेत सारी नोकरी काढली. ढ पोरांना पाढे शिकवले, पण या माणसापुढं हात टेकले. तेल मोजायची पट्टी ओढायची, फडक्याला पुसायची, परत आत घालून ओढायची. मग टोकाचं तेल अंगठा आणि बोटात घेऊन चोळायचं. बोटं एकमेकांवरनं सरकली पाहिजेत, पण घसरता कामा नयेत. हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं.

गाडी माझ्या मुलापेक्षा वयानं मोठी आहे. गियर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट शाळेतल्या बाकासारखी अखंड. ह्यांनी ती निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडनं जुनीच घेतली होती. ह्यांची उद्यमबागच्या कारखान्यांच्या वसाहतीत एक शेड होती, लोखंड कातायचे दोन लेथ, चार माणसं. दिवसभर दुसऱ्यांची लोखंडं घासायची आणि सुट्टीला स्वतःचं इंजिन पुसायचं, हाच त्यांचा विरंगुळा. मी चिडायचे. म्हणायचे, बायकोकडं कधी एवढं निरखून बघितलंत का? ते म्हणायचे, "तुला तेल लागत न्हाय." ह्यावर काय बोलणार, कपाळ?

तेलाचा मात्र त्यांचा हट्ट होता. इंजिन म्हातारं झालं की आतल्या फटी वाढतात, पातळ तेल त्यातनं निसटून जातं, म्हणून जाड तेलच पाहिजे. उद्यमबागेत त्याला चाळीस नंबर म्हणतात. हल्ली गावातल्या दुकानांत ते मिळत नाही. सगळं नवं, पातळ, पाण्यासारखं. एकदा एका दुकानदारानं मला चकचकीत डबा दाखवून सांगितलं, "आज्जी, हे घाला, एकदम भारी, गाडी पळतीय बघा." मी म्हटलं, "बाबा, मला पळवायची न्हाय, टिकवायची आहे." तो हसला. मला हसू आलं नाही, कारण माझ्यासाठी ती चेष्टेची गोष्ट नव्हती.

का नव्हती ते सांगते. हे गेले, तेराव्याचं झालं, पाहुणे पांगले. मुलगा बेंगळुरूला असतो. तो जाताना म्हणाला, "आई, इथं एकटी काय करणार? चल माझ्याबरोबर." मी तेव्हा गाडी पुसत होते. का कुणास ठाऊक, तोंडातनं निघून गेलं, "ही गाडी चालतीय तोवर मी हितंच." तो हसला आणि म्हणाला, "ठरलं. ज्या दिवशी गाडी बंद पडेल, त्या दिवशी सामान बांधायचं." आम्ही मायलेकरांनी हातावर हात मारला. चेष्टेतच ठरलं, पण मी ते मनाला लावून घेतलं. बेंगळुरूत अकराव्या मजल्यावर कोंडून घ्यायचं, शेजारी कोण हे माहीत नाही, भाजी फोनवरनं मागवायची, ह्याची मला धास्तीच होती. माझं घर, माझा कट्टा, माझी गल्ली, सगळं त्या एका इंजिनावर टिकून होतं. म्हणून तेल.

सुरुवातीला तो दर रविवारी फोन करायचा आणि पहिलं विचारायचा, "गाडी काय म्हणते?" मी म्हणायचे, "ठणठणीत आहे, तुझी डाळ शिजायची न्हाय." मग महिन्यातनं एकदा विचारायला लागला. मग गाडीचं विचारणं राहिलंच. मीच आपणहून सांगायचे, आणि तो "हं, हं" करायचा. मला वाटायचं, पोरगं हरत चाललंय म्हणून विषय टाळतंय.

ह्यांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं. नुसती दारात चालू करून बंद केली तर इंजिनात वाफ धरते, तेल खराब होतं. महिन्यातनं एकदा तरी लांब नेऊन तेल तापवलं पाहिजे. म्हणून मी महिन्याला निपाणीला जाते. गल्लीत सांगते, काम आहे. काम कसलं? निपाणीत माझं कुणीसुद्धा नाही. स्टँडजवळच्या हॉटेलात बसते, चहा घेते, वाटलं तर एक मिरचीभजी. हॉटेलवाला मराठीत विचारतो, पैसे घेताना कन्नडात आकडा सांगतो. शेजारच्या टेबलावर लोक तंबाखूच्या दराचं, पोरीच्या लग्नाचं बोलत असतात. मी कान देऊन ऐकते. मग गाडीत बसते आणि परत येते. एवढा रस्ता तुडवून मी माणसांचं बोलणं ऐकून येते. चांगलं आहे की, तेलही तापतं.

शेड ह्यांच्या मागं त्यांच्या जुन्या लेथवाल्यानं चालवायला घेतली. भला माणूस. खंडेनवमीला शेडमधली पूजा झाली की तो न चुकता घरी येतो, प्रसाद आणि चाळीस नंबरचा एक डबा घेऊन. उद्यमबागेतल्या तेलाच्या डीलरकडनं तो खास माझ्यासाठी आणतो. मीही त्या दिवशी गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून, चाकाखाली लिंबू ठेवून तयार असते. ह्या वर्षीही तो आला. मी त्याला चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर त्यानं बॉनेट उघडून, तेल थोडं उतरलेलं बघून, डब्यातलं निम्मं घालूनसुद्धा टाकलं होतं. "वहिनी, पूजेच्या दिवशी तुम्ही कशाला हात काळे करताय?" म्हणाला. माझ्यावरच्या मायेनंच केलं बिचाऱ्यानं. मला भरून आलं. गाडीला हात लावणारं दुसरं कुणी आपल्या दारात उभं आहे, हे मी कितीतरी दिवसांनी बघत होते. मी बोटात घेऊन तेल बघितलं नाही. माणूस मदत करतोय आणि त्याच्या देखत तपासत बसायचं, बरं दिसतं का?

पुढचा रविवार यायच्या आधीच निपाणीची फेरी होती. जाताना काही जाणवलं नाही. चहा झाला, भजी झाली. परत येताना तवंदी घाटाचा चढ लागला आणि निम्म्यात तेलाचा लाल दिवा लागला. मग आतनं ठक ठक आवाज. मी तिथंच कडेला घेऊन इंजिन बंद केलं. ट्रक भोंगे वाजवत जवळनं जात होते, घाटात ब्रेक जळाल्याचा वास भरून राहिला होता. हात भाजत पट्टी ओढली. टोकाला तेल नव्हतंच. पांढरट, फेसाळ, दुधाळ चहासारखं काहीतरी होतं.

इंजिनाच्या तेलात पाणी शिरलं की ते असं पांढरं होतं. ह्यांनी सांगितलेलं होतं. म्हणजे हेड, इंजिनाचं वरचं झाकण, गेलं, नाहीतर खाली ब्लॉकला चीर पडली. दोन्हीपैकी काहीही असलं तरी ह्या वयाचं इंजिन उघडलं की परत बसत नाही, त्याचे सुटे भाग कुठं मिळत नाहीत. मी दगडावर बसले. गाडीकडं बघवेना. कुणाला फोन करावा म्हणून नावं बघत गेले, आणि अशा वेळी बोलावता येईल असं एकही नाव सापडलं नाही. शेवटी एका टेंपोवाल्यानं दोर बांधून गाडी निपाणीच्या एका गॅरेजला ओढून नेली.

गॅरेजवाल्यानं पट्टी बघितली, मान हलवली. "आक्का, हेड गेलंय. उघडाय पायजे. पण उघडलं तर बसंल का न्हाय, गॅरंटी देत न्हाय बघा." मी विचारलं, "रेडिएटरचं पाणी तर काठोकाठ आहे की. मग तेलात पाणी आलं कुठनं?" तो म्हणाला, "सुरुवात असंल." आणि आधी तेल तरी उतरवू म्हणून पसरट घमेलं आणायला आत गेला.

मी बाकावर बसले आणि मुलाला फोन लावला. पैज म्हणजे पैज. हरल्यावर तोंड लपवायचं नाही, हे मीच पोरांना शिकवलं होतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला हरायला बरं वाटत होतं. घाटातल्या त्या दगडावर बसल्यापासून मला कुणाच्या तरी घरात जाऊन पडावंसं वाटत होतं. अकरावा मजला तर अकरावा मजला. सकाळी उठल्यावर कुणीतरी स्वयंपाकघरात भांडं वाजवलेलं ऐकू येईल. मी म्हटलं, "अरे, गाडी गेली. हरले मी. ठरल्याप्रमाणं येते. सामान बांधायला मदतीला येशील ना?"

पलीकडं त्यानं कुठलंसं दार लावून घेतल्याचं ऐकू आलं.

मग तो म्हणाला, "आई, दुसरं इंजिन नाही का मिळत?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे, कोल्हापूरला जुन्या गाड्यांचा बाजार असतो ना. पैशाचं बघू नकोस, मी पाठवतो. घाई करू नकोस ग. इथं आता ती खोली ऑफिस केलीय, घरनंच काम असतं आम्हा नवराबायकोचं. बघू काहीतरी, पण आधी गाडीचं बघ."

एरवी मी म्हणाले असते, उंटावरनं शेळ्या हाकू नकोस. तेव्हा नुसतं "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला.

गॅरेजवाल्यानं नट सैल केला आणि ते पांढरं तेल घमेल्यात पडायला लागलं. वास आला. मी उठून जवळ गेले, वाकले. तो वास मी आयुष्यभर धुतला होता. लेथवर लोखंड कापताना थंड राहावं म्हणून जे कूलंट तेल सोडतात, त्याचा आंबूस वास. ह्यांच्या प्रत्येक शर्टाला तो असायचा, साबणानं जायचा नाही. ते तेल डब्यात तपकिरी असतं, हुबेहूब इंजिनाच्या तेलासारखं. पाण्याचा थेंब भेटला की दूध होतं. आणि इंजिनात वाफेचं पाणी थोडं असतंच. मी तिथंच शेडवाल्याला फोन केला. म्हटलं, "कूलंट भरायला डबे कशाचे वापरता तुम्ही?" त्याच्या लगेच ध्यानात आलं. उद्यमबागेत रिकामा डबा कुणी टाकत नाही; इंजिन तेलाच्या रिकाम्या डब्यात कूलंट भरून ठेवायची सगळ्या शेडांची रीत. पूजेच्या गडबडीत सगळे डबे हळदीकुंकू लावून एका ओळीत मांडले होते, आणि त्यानं उचलताना चुकीचा उचलला. "वहिनी, माझं चुकलं," म्हणाला. त्याला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, "तू येतोस तरी. असू दे."

हेड शाबूत होतं. गॅरेजवाल्यानं आत पातळ तेल घालून दोनदा धुऊन काढलं आणि मग चाळीस नंबर भरलं. निपाणीत ते ट्रॅक्टरवाल्यांमुळं अजून मिळतं. किल्ली फिरवली. ठक ठक नाही, लाल दिवा नाही. इंजिन पहिल्यासारखं घुमायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, "आक्का, अजून लई वर्षं चालंल ही. काळजी सोडा."

मी मुलाला परत फोन लावला. सांगितलं, हेड गेलं नव्हतं, तेलच चुकीचं पडलं होतं, गाडी चालू झाली.

"चालू झाली? खरंच?" तो म्हणाला. त्याला नोकरी लागली तेव्हाचा त्याचा आवाज मला आठवतोय. त्यातसुद्धा एवढा आनंद नव्हता. "बघ, मी म्हटलं नव्हतं? मस्त झालं, आई. मग राहा की आता तिथंच निवांत."

"व्हय," मी म्हटलं. "राहते की."

तो आणखी काहीबाही बोलत होता, तब्येतीला जप, घाटातनं सावकाश जा. माझं लक्ष नव्हतं. इतकी वर्षं मी त्याला दारात थोपवून धरलंय असं समजत होते, आणि दारात कुणी नव्हतंच.

गॅरेजवाला बॉनेट बंद करून हात पुसत आला आणि म्हणाला, "आक्का, आता कुठं जाणार?"

मी म्हटलं, "घरी. दुसरं कुठं?"