शेवटच्या होम मॅचला जाऊ नका

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्या शेजारच्या घरात एक निवृत्त पोलिश गृहस्थ एकटे राहत. बायको त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागली. त्यांना ते आवडलं, मग मीही म्हणू लागलो. रविवारी सकाळी अकराला ते आमची बेल वाजवत. हातात वही, खिशात दोन पेन्सिली. त्यांच्या गावच्या बास्केटबॉल क्लबचा निकाल मी कॉम्प्युटरवर शोधून वाचायचा आणि त्यांनी तो वहीत उतरवून घ्यायचा. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, आणि घ्यायचाही नव्हता. आठवडाभर ट्रेनने शिकागोला जाऊन-येऊन माझा जीव मेटाकुटीला आलेला असे. खरं सांगतो, कित्येकदा बेल ऐकून मी कपाळाला हात लावायचो. पण दार उघडायचो.

तो क्लब गावातल्या काचेच्या कारखान्याने काढला होता. काका त्या कारखान्यात फिटर होते. मॅचच्या दिवशी मात्र मैदानाच्या कडेला टेबलामागे बसून ते गुणपत्रक भरत. पंच चुकला तर चालेल, टेबल चुकता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. एका वर्षी क्लब देशात पहिला आला तेव्हा कारखान्याने अवेळी भोंगा वाजवला होता. पुढे काका अमेरिकेत आले, तिकडे राजवट बदलली, कारखाना बंद पडला आणि क्लब प्रायोजकांचे उंबरे झिजवू लागला. जो प्रायोजक मिळेल त्याचं नाव लावायचं. कधी बिअरचं, कधी खिडक्यांचं, कधी सॉसेजचं. नवा सीझन सुरू झाला की मला यादीत क्लबच सापडत नसे. काका यातलं एकही नाव उच्चारत नसत, नुसतं 'क्लब' म्हणत. संघात एक खेळाडू तर शिकागोच्या दक्षिण भागातला होता. "तो तिथे, मी इथे," म्हणत काका त्याचे गुण पेन्सिल जरा दाबून, ठसठशीत लिहीत.

एका हिवाळ्यात क्लबच्या साइटवर बातमी आली की प्रायोजक सीझन संपला की हात काढून घेणार आहे. नवा मिळाला नाही तर पुढच्या वर्षी क्लब लीगमध्ये नसेल. मी ती अडखळत वाचली. काकांनी पुन्हा वाचायला लावली. मग वही मिटून म्हणाले, "एप्रिलमध्ये आमच्या गावात शेवटची होम मॅच आहे. मी जातो. टेबलाजवळ बसून बघेन."

वीसेक वर्षं ग्रीन कार्डवर काढून त्यांनी नुकताच सिटिझनशिपचा अर्ज केला होता. अशात जाऊन आलं तर चालेल का, हे त्यांनी मला विचारलं, कारण कागदपत्रांतलं मला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. तसा तो माझाही होता. आम्ही भारतीय घरं एकेक पदार्थ घेऊन जमायचो, त्या प्रत्येक पॉटलकला भाजी पुढे सरकवण्याआधी व्हिसाचा विषय निघे, आणि वकिलापेक्षा मीच जास्त बोलत असे. माझा एक मित्र बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेला आणि पासपोर्टवर नव्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी तीन महिने तिथेच अडकला. तेव्हापासून मी चार वर्षं नागपूरला गेलो नव्हतो. मी अजून नोकरीच्या व्हिसावरच होतो, माझा ग्रीन कार्डचा अर्ज लटकलेला होता. दुधाने तोंड पोळलेले आम्ही, ताक फुंकून पिणारच. पण मी दुसऱ्याचंही ताक फुंकायला गेलो.

"अजिबात जाऊ नका," मी म्हणालो. "अर्ज पेंडिंग असताना देश सोडायचा नाही. सोडलात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून."

"नक्की?"

"हंड्रेड पर्सेंट."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अरे, पण कन्फर्म केलंस का? त्यांची केस वेगळी असेल यार. लॉयरला एक मेल टाक ना."

"मला नको शिकवूस," मी म्हणालो. मेल टाकली नाही.

एप्रिलची ती मॅच काकांनी आमच्या स्वयंपाकघरात, दुसऱ्या दिवशी, आकड्यांतून पाहिली. क्लब चार गुणांनी हरला. त्यांनी चारही क्वार्टरचे गुण लिहिले, खाली दोन रेघा मारल्या आणि चहा न घेता गेले. उन्हाळ्यात कळलं की क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा दुसऱ्या एका गावाने घेतली. शरद ऋतूत काका अमेरिकन नागरिक झाले. शपथविधीला मीच त्यांना घेऊन गेलो. छोटा झेंडा हातात धरून ते फोटोला उभे राहिले, पण हसले नाहीत. वयामुळे थकले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

त्यानंतरच्या जानेवारीत माझ्या अर्जासाठी वकीलबाईंना भेटलो तेव्हा काकांच्या केसबद्दल सहज विचारलं. त्या कागदांतून मान वर न काढता म्हणाल्या, "ज्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे तो दोन आठवडे जाऊन येऊ शकतो की. तुम्हा व्हिसावाल्यांचा नियम त्याला कशाला लागेल?" परतीच्या ट्रेनमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी उभाच राहिलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या रविवारी काकांना सगळं सांगितलं. निकाल उरले नव्हते, तरी ते सवयीने येत आणि नुसता चहा घेत. त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तू वाईट मनाने नाही सांगितलंस," ते म्हणाले. "पण फार खात्रीने सांगितलंस. शंभर टक्के म्हणालास. वीस वर्षं मी त्या टेबलावर बसलो. स्वतः पाहिल्याशिवाय एकही गुण कधी लिहिला नाही. आणि हे मात्र तुझ्या शब्दावर लिहून घेतलं."

मग तीन रविवार बेल वाजली नाही. अकरा वाजता मी दारापाशी घुटमळायचो. शेजारी जाऊन बेल वाजवायचा धीर मला झाला नाही.

चौथ्या रविवारी ते आले. बुटांचा बर्फ झटकला, नेहमीच्या खुर्चीत बसले. वही आणली नव्हती.

"आपली जागा ज्यांनी घेतली ते लोक," ते म्हणाले, "काल जिंकले का, बघ."

मी शोधून वाचलं. जिंकले होते, अकरा गुणांनी.

"तू स्वतः बघितलंस?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावला, आणि बराच वेळ स्वतःच वाचत बसले.