टोइवोचा अंगठा

टोइवो केस्तीचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, स्वतःच्या उजव्या अंगठ्यावर. बाकी सगळं जग त्याच्या लेखी लबाड. त्या वर्षी शर्टाची बटणं लागेनाशी झाली, तेव्हा त्याने शिंप्याला शिव्या घातल्या. कॉफीचा कप हातातून निसटला, तेव्हा हल्लीचे कपच वाईट ठरले.

तो धाकट्या बहिणीच्या, हिल्माच्या, बोटीवर कामाला होता. ऑरेगॉनच्या किनाऱ्यावरून ती हौशी गळवाल्यांना समुद्रतळाच्या खडकांतले मासे धरायला नेई. हे मासे म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. शेंदरी मासा ठेवायला मोकळीक. पण तसाच नारिंगी दिसणारा कॅनरी ठेवायला त्या काळी सक्त बंदी. तो वर आला की फुगून तरंगतो, म्हणून वजन बांधून पुन्हा तळाशी सोडायचा. टोइवो रंगाला भुलत नसे. तो माशाच्या हनुवटीखाली अंगठा फिरवी. खरखरीत लागला तर शेंदरी, गुळगुळीत लागला तर कॅनरी. मग शेंदरी मासा ज्याने धरला त्याच्या नंबराच्या पोत्यात जाई.

वसंतात एका पोत्यात कॅनरी सापडला होता. पुन्हा सापडला तर बोटीचा परवाना जाणार, अशी हिल्माला ताकीद होती. टोइवोने तेव्हाच गुन्हेगार ठरवून टाकला होता: लाइल ब्रॅकेट. दर रविवारी येणारा गळवाला, सगळ्यांना बिस्किटं वाटणारा.

"बिस्किटं फुकट देतो म्हणजे काहीतरी लपवतोय," टोइवो म्हणे.

"अरे दादा, तू पण खातोस की ती!"

"खातो. लक्ष ठेवायला जवळ बसावं लागतं."

त्या रविवारी धक्क्यावर मत्स्य खात्याच्या बाईंनी पोती रिकामी करवली. लाइलच्या पोत्यातून कॅनरी निघाला. हिल्माचा चेहरा उतरला.

"बदलला यानं!" टोइवो ओरडला. "मी एकेक मासा तपासून टाकलाय!"

"टोइवो, तूच तर टाकलास तो माझ्या पोत्यात," लाइल म्हणाला.

"चोराच्या उलट्या बोंबा!"

हिल्मा पुढे झाली. "बाई, माझ्या दादाचा अंगठा चुकत नाही. हवं तर डोळे मिटून सांगेल तो. दाखव रे दादा."

टोइवोने डोळे मिटले. बाईंनी एक मासा पुढे धरला. त्याने हनुवटीखाली अंगठा फिरवला, जरा थांबला. "गुळगुळीत. कॅनरी." बाईंनी पुन्हा मासा धरला. "खरखरीत. हा शेंदरी."

त्याने डोळे उघडले. बाईंच्या हातात दोन्ही वेळा तोच मासा होता.

"फसवलंत मला!" तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

हिल्माने त्याचा हात हातात घेतला. अंगठ्यात माशाच्या पाठीचा काटा मोडून रुतला होता, भोवती रक्त सुकलं होतं.

"दादा, हा कधी घुसला?"

"कुठला?" टोइवोने विचारलं, आणि खाली पाहिलं.

त्याने काटा दाबून पाहिला, पण काहीच जाणवलं नाही. शिंपी, कप, वसंतातला तो मासा, सगळं त्याला एकदम आठवलं असावं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. हिल्मा मात्र सगळ्यांसमोर रडली.

बाईंनी परवाना कायम ठेवला, पण अटीवर. यापुढे मासे दुसऱ्या कुणीतरी ओळखायचे.

पुढच्या रविवारी हिल्मा सुकाणूवर होती. गळाला नारिंगी मासा आला. टोइवोने सवयीने अंगठा पुढे केला, मागे घेतला, डेकवर नजर फिरवली. जवळ लाइलच होता.

"तू सांग," टोइवो मासा पुढे करून म्हणाला.

लाइलने हनुवटीखाली बोट फिरवलं. "गुळगुळीत."

"नक्की?"

"नक्की."

टोइवोने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग माशाला वजन बांधायला घेतलं. गाठ काही बसेना, तेव्हा त्याने दोरीही लाइलच्या हातात दिली.