एकोणिसावी ओळ

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या बहिणीलाही नाही – आणि तिला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. आज तुम्हाला सांगतेय, तेही दाराला कडी लावून. घरात कोणी नाही, तरी लावली.

अबुधाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी इथल्या एका कंपनीतर्फे अमेरिकेतल्या एका संस्थेचे अहवाल तयार करायचे. बेघर झालेल्या माजी सैनिकांना ती संस्था नोकरी मिळवून देते, पैसा सरकारचा. सरकारची अट अशी, की नोकरी लागल्यावर नव्वदाव्या दिवशी प्रत्येकाला फोन करून विचारायचं – अजून कामावर आहात का? अहवालात लिहायला पर्याय तीनच. नोकरीत आहे, नोकरी सुटली, संपर्क झाला नाही. सुटली असेल तर त्या माणसाला पुन्हा मदत मिळते. नोकरीत असेल तर फाइल बंद. शेंबडं पोरही करेल असं काम.

मला जमलं नाही. कारण – हसू नका – मला त्या फोनचीच भीती वाटायची. त्यांचे उच्चार पटकन कळायचे नाहीत, आणि कळले की जास्तच वाईट. एकदा एक जण रडायला लागला होता. अनोळखी पुरुष रडायला लागला तर त्याला इंग्रजीत काय म्हणायचं असतं? म्हणून मी उद्यावर ढकलत गेले. त्या खेपेला यादीत बावीस नावं होती, मी फोन केले आठ. शेवटच्या दिवशी मॅनेजरचा मेसेज आला, "मॅडम, रिपोर्ट आज खलास करना है." खोटं लिहा असं तो म्हणाला नव्हता. ते माझं. आठव्या ओळीतलं 'नोकरीत आहे' मी माउसने पकडलं आणि खाली ओढत नेलं, थेट बाविसाव्या ओळीपर्यंत. फोनच्या तारखाही मनाने टाकल्या. चौदा माणसं एका दमात कामाला लागली.

एकोणिसाव्या ओळीत वॉल्टर होते. नाव बदललंय मी – तेवढी लाज शिल्लक आहे.

पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला. इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळ. गुडघ्याने दगा दिला म्हणून त्यांची गोदामातली नोकरी केव्हाच सुटली होती. ते गाडीत झोपत होते. मदत मागायला संस्थेच्या केंद्रावर गेले, तर तिथे सांगितलं, अहवालात तुम्ही नोकरीत आहात, फाइल बंद झालीय, ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडून बदलून आणा, हा त्यांचा नंबर. ते चिडले नव्हते हो. "चुकून झालं असेल तुमच्याकडून," म्हणाले, "होतं असं." मी म्हणाले, आजच करते.

नाही केलं.

दोन मिनिटांचं काम होतं. पण दुरुस्तीचं कारण द्यावं लागलं असतं. मग कोणीतरी फोनची यादी मागवली असती आणि माझ्या चौदा तारखा उघड्या पडल्या असत्या. नवऱ्याची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती. तो आणि मुलगी दोघंही माझ्या व्हिसावर. माझी नोकरी गेली की तिघांनी गाशा गुंडाळायचा, मुलीची दहावी अर्धवट टाकून. हे सगळं खरं आहे. पण त्याच शनिवारी आम्ही खोर फक्कानच्या समुद्रावर गेलो आणि मी पाण्यात पाय सोडून मक्याचं कणीस खाल्लं, हेही खरं आहे. वॉल्टर तेव्हा आठवले का? आठवले. कणीस संपवलं मी.

दुसरा फोन मी वाजू दिला. तिसरा आला तेव्हा पोळ्या करत होते; फोन जेवणाच्या टेबलावर होता. स्कूल बससाठी निघता निघता सईने, माझ्या मुलीने, तो उचलला. "मम्मा, इट्स समवन कॉल्ड वॉल्टर. ही साउंड्स सिक." हाताला कणीक होती म्हणून नाही – मी मान हलवली आणि नुसत्या ओठांनी म्हणाले, राँग नंबर सांग. ती माझ्याकडे बघत राहिली. मग फोनमध्ये म्हणाली, "सॉरी, राँग नंबर." पंधरा वर्षांची पोर. आणि फोनवर तिने हात ठेवला नव्हता. ते 'मम्मा' त्यांनी ऐकलं असणार ना?

त्यानंतर फोन आला नाही.

कितीतरी महिने ईमेलची घंटी वाजली की मी आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायचे. चौकशी काही आली नाही. उलट अहवाल वेळेवर दिला म्हणून शाबासकी आली. आता भीती वेगळीच आहे. तेव्हा तिकडे कडाक्याचा हिवाळा होता. त्यांचं खरं नाव मी इंटरनेटवर शोधायला टाइप करते आणि पुसून टाकते. काय दिसेल? आजवर एकदाही शोधायचं बटण दाबलेलं नाही.

सई आता दुबईत नोकरी करते. मागच्या शुक्रवारी जेवायला आली होती. पोळीचा तुकडा मोडता मोडता सहज म्हणाली, "मम्मा, दॅट मॅन हू यूज्ड टु कॉल. वॉल्टर. इज ही ओके?"

"हो," मी म्हणाले. "नोकरीत आहेत."