गोल कोपऱ्यांचे पत्ते

ब्रह्मपुरीच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या डोक्यात पटावरचा एक खेळ शिरला. नाटक कंपनीच्या गाड्या वडशाहून निघतात, गावोगाव प्रयोग करत जातात, आणि जी आधी एटापल्लीला पोचेल ती जिंकली. पट मी रंगवला, पण पुढचं एकट्याला जमेना. म्हणून दोघांना सामील करून घेतलं. एक, बाजारात लग्नपत्रिका छापणारा माझा जुना मित्र. त्याला मी भाई म्हणतो. दुसरी माझी वहिनी. ती गावाकडे धानाची शेती पाहते आणि मंडईतलं, म्हणजे गावच्या जत्रेतलं, नाटक कधी चुकवत नाही.

गाडीवर काय काय संकटं येतात ते वहिनी सांगायची, मी पत्त्यांसाठी लिहून घ्यायचो. "हिरोईन मामाच्या गावी उतरली, एक पाळी थांबा." "पेटीवाल्याले वांगं चालत नाई, दोन घरं मागं." यातलं खरं किती आणि तिने रचलेलं किती, देव जाणे.

भाईने उरलेल्या पत्रिकांचे पत्ते कापले, तर एकाच्या पाठीवर अर्धा गणपती, दुसऱ्याच्या पाठीवर सनई. पाठीवरूनच पत्ता ओळखू यायचा. मग त्याने सगळ्यांना मागून खाकी कागद चिकटवला. कोपरे टोचतात म्हणून ते कात्रीने गोल करायचं काम वहिनीने आपणहून घेतलं.

दर रविवारी आम्ही माझ्या ओसरीवर खेळून बघायचो. पत्ते पालथे पसरायचे आणि आपल्या पाळीला हवा तो उचलायचा. वहिनी लागोपाठ चार डाव जिंकली. पुढच्या रविवारी भाईही जिंकायला लागला. माझी गाडी मात्र वांग्यापाशीच अडकलेली.

"भाऊजी, तुमचं नशीबच तसं," वहिनी म्हणाली, तीही अगदी हळहळून.

एका दुपारी पत्त्यांवर चित्रं काढायला बसलो, तेव्हा काही पत्त्यांचा एक कोपरा जरा जास्त गोल लागला. उलटून पाहिले. सगळे चांगले पत्ते, गाडी पुढे नेणारे. मग आठवलं, पत्ता उचलण्याआधी भाई हळूच अंगठा फिरवायचा. कागदात जन्म गेलेला माणूस, त्याला दोन डावांत कळलं असणार. मला सांगावंसं मात्र त्याला वाटलं नाही.

राग आला, पण हसू जास्त आलं. मी भाईला सांगितलं की पत्त्यांवर चहा सांडला, नवे कापून दे. या वेळी कोपरे मी गोल केले, आणि ती जास्तीची गोलाई वाईट पत्त्यांना दिली.

रविवारी वहिनीने बोट फिरवून पहिला पत्ता उचलला. हिरोईन उतरली. भाईने उचलला. वांगं. पुन्हा वहिनी, रस्त्यात झाड पडलं. पुन्हा भाई, तंबू उडाला. मी मुकाट्याने कमी गोल पत्ते उचलत पुढे जात होतो. दोघंही एकमेकांकडे बघेनात. तक्रार करायची तर काय सांगून करणार?

शेवटी भाईने पत्ता उजेडात धरला. "सर, हे कोपरे कोणी कापले?"

"मी. काऊन?"

"काई नाई. जरा जास्तच गोल आहेत."

"तुमाले कसं कळलं, भाई?" वहिनीने विचारलं, आणि विचारताक्षणी तिनेच जीभ चावली.

भाई तिच्याकडे बघत राहिला. मग तिघंही इतके हसलो की पटावरच्या गाड्या खाली पडल्या.

त्या दिवशी खेळाला खरा नियम मिळाला. सुरुवातीला प्रत्येकाने एका पत्त्यावर गुपचूप खूण करायची. दुसऱ्याची खूण ओळखली तर तीन घरं पुढे, खोटा आरोप केला तर तीन घरं मागे. भाईने तो नियम खोक्याच्या झाकणावर छापला, भोवती लग्नपत्रिकेची वेलबुट्टी काढून.

गावातल्या बायका आता याच नियमावरून तासन्‌तास भांडतात आणि वहिनी पंच म्हणून मधे बसते. तिला पंच कोणी केलं, असं मी एकदा विचारलं.

"मीच," ती म्हणाली.